वीकएंडला गणित? तेही महाबळेश्वरला?

शनिवार, रात्रीचे साडेनऊ. तुम्ही कदाचित एखाद्या कॅफेत असाल, नाहीतर सोफ्यावर पिझ्झाच्या डब्यासोबत. आम्ही पाच जण मात्र आपापल्या स्क्रीनसमोर बसून भांडत होतो. विषय ना क्रिकेट, ना पगारवाढ. विषय असा, की ज्या दोन घटना एकाच वेळी घडू शकत नाहीत, त्या एकमेकींपासून स्वतंत्र म्हणायच्या की नाही?

हसू नका. चाळीस मिनिटं चालला होता हा वाद. हिंजवडीतला आमचा टेस्टर छातीठोकपणे सांगत होता, ‘अरे, दोघींचा एकमेकींशी संबंधच नाही ना, म्हणजे स्वतंत्रच!’ बँकवाली म्हणत होती, फॉर्म्युल्यात घालून बघ. सीए फॉर्म्युला शोधत होता. आणि मी, जिच्यावर हा सगळा गोंधळ सांभाळायची जबाबदारी होती, ती पाचव्या चौकटीकडे अधूनमधून बघत होते. ती चौकट काळी होती. कॅमेरा बंद, माइक बंद. मी विचारलं, ‘महाबळेश्वर, आहेस का?’ दहा सेकंदांनी टाइप केलेलं उत्तर आलं, ‘हो मॅडम, ऐकतोय.’

पुढच्या शनिवारी ती चौकट आलीच नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही.

(नावं मुद्दाम देत नाहीये. सगळे अजून नोकऱ्या करतायत आणि ऑफिसातल्या कुणाला आपण शनिवारी रात्री गणित करतो हे कळू नये अशी दोघांची तरी इच्छा आहे!)

फुकटाचा फंडा

तर हा होता एनपीटेलचा संभाव्यतेचा, म्हणजे प्रोबॅबिलिटीचा, बारा आठवड्यांचा कोर्स. एनपीटेल म्हणजे सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. २०१४ पासून त्यांनी परीक्षा आणि सर्टिफिकेटवाले ऑनलाइन कोर्स सुरू केले. नाव नोंदवायला एक पैसा लागत नाही. आठवड्याला काही व्हिडिओ, आठवड्याला एक असाइनमेंट. शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तरच फी. आम्ही २०२४च्या पावसाळ्यात कोर्स केला, तेव्हा ती हजार रुपये होती. बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ टक्के, असा हिशोब.

एवढं स्वस्त आणि एवढं चांगलं, मग अडचण काय? अडचण आम्हीच. मी याआधी दोनदा असे कोर्स सुरू केले होते. पहिल्यांदा दुसऱ्या आठवड्यात गळपटले, दुसऱ्यांदा चौथ्या. मास कॉमची पदवी घेतल्यावर आता गणिताशी संबंध संपला, असं समजून मी पेढे वाटले होते. मग संपादक मंडळी ‘डेटा स्टोरी आहे का?’ असं विचारू लागली आणि गणित मागच्या दाराने परत आलं.

आणि गळपटणारी मी एकटी नाही, बरं का! हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्सवर चालवलेल्या मोफत कोर्सांचा सहा वर्षांचा हिशोब २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. २०१७-१८ या वर्षात कोर्स पुरा करणारे किती, तर सगळ्यांत मिळून ३.१३ टक्के. मात्र ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे भरले होते, त्यांच्यात ४६ टक्के! म्हणजे खिशातून गेलेले पैसे माणसाला खुर्चीत बसवतात. म्हणून आम्ही पाचही जणांनी आधी हजार रुपये भरून टाकले. कोकणस्थ युक्ती म्हणा हवं तर.

पण ४६ म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. बाकीच्यांचं काय होतं?

रिकामी ती फ्रीलान्सर

ग्रुप जमला तो असा. टेस्टरला डेटा टीममध्ये जायचं होतं. बँकवालीला बढती हवी होती. सीए कशासाठी आला होता ते आजतागायत कळलेलं नाही, बहुधा बँकवालीसाठी. आणि पाचवा, महाबळेश्वरकर. टेस्टर मे महिन्यात तिथे फिरायला गेला होता, तेव्हा हॉटेलच्या रिसेप्शनवरचा मुलगा काउंटरखाली मोबाइल धरून गणिताचा व्हिडिओ पाहत होता. टेस्टरने तिथल्या तिथे त्याला ग्रुपमध्ये ओढलं. चोवीस-पंचवीसचा. मराठी शाळेत शिकलेला, नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. झालेला. आमच्यासाठी सर्टिफिकेट म्हणजे प्रोफाइलवर लावायचा बिल्ला. त्याच्यासाठी तसं नव्हतं. महाबळेश्वरची नोकरी सीझनवर चालते. पावसाळ्यात अर्धं हॉटेल बंद आणि पगारही अर्धा. त्याला पुण्यात ॲनालिस्टच्या ट्रेनी जागांसाठी अर्ज करायचे होते आणि बी. कॉम.च्या खाली लिहायला त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

ग्रुप चालवायचा कुणी? सगळ्यांनी एकमताने माझ्याकडे बोट दाखवलं. फ्रीलान्सर म्हणजे रिकामी, हा समज महाराष्ट्रात सार्वत्रिक आहे.

मी उत्साहाने वेळापत्रक केलं. शनिवारी रात्री कॉल, ‘ज्याला जे अडलं ते त्याने विचारायचं, मग चर्चा’. आता लिहिताना कळतंय, हे वाक्यच मुळात चुकलेलं होतं. ज्याला काय अडलंय तेच कळलेलं नाही, तो विचारणार काय? आणि ज्याला कळलंय पण इंग्रजीत सांगता येत नाही, त्याने तोंड कधी उघडायचं? कॉलवर जो पहिला बोलतो तो जिंकतो, आणि पहिला नेहमी टेस्टरच बोलायचा. मी त्याला चर्चा समजत होते.

दोन शनिवार काळी चौकट गायब राहिल्यावर मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मॅडम, रेंजचा प्रॉब्लेम आहे. आणि मला वाटतं, मी सोडतोच. तुमचं सगळ्यांचं चांगलं चाललंय.’ हजार रुपये भरलेला माणूस, सहावा आठवडा, आणि सोडतो म्हणतोय! मी विचारलं, ‘या शनिवारी घरी आहेस का?’

पसरणीच्या वर

ऑगस्टचा शेवटचा शनिवार होता. आम्ही चौघं सीएच्या गाडीतून निघालो. निघताना टेस्टरच्या आईने विचारलं, ‘पावसात महाबळेश्वरला काय करणार?’ ‘गणित,’ तो म्हणाला. आईचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

पुणे ते महाबळेश्वर साधारण सव्वाशे किलोमीटर. वाई ओलांडली की पसरणी घाट लागतो, आणि घाटाच्या मध्यावर मोबाइलच्या रेंजचे दांडे एकेक करून गळायला लागतात. पाचगणीपर्यंत पाऊस होता. त्याच्या पुढे पाऊस नव्हताच, नुसतं पाणी होतं. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पडतो इथे, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. वेण्णा लेकवर बोटी बांधून ठेवलेल्या. स्ट्रॉबेरी शोधत होतात? ती थंडीत या! ऑगस्टमध्ये मिळतो तो मक्याचा पॅटिस, वाफाळता. आम्ही दोन-दोन खाल्ले आणि त्याच्या घरी पोचलो.

घराच्या भिंतींना झड लागू नये म्हणून बाहेरून प्लॅस्टिकचा कागद ठोकलेला. आत दिवसासुद्धा दिवा. दिवा म्हणजे बॅटरी, कारण लाइट आदल्या रात्रीपासून नव्हते. त्याची आई म्हणाली, ‘बसा, चहा टाकते. हा काय तुमच्या कॉलसाठी रोज वरच्या रस्त्याला जाऊन उभा राहतो, छत्री घेऊन. मी म्हटलं, एवढं काय सांगतात तिथं?’

आम्ही चौघं गप्प. रेंजचा प्रॉब्लेम म्हणजे काय, ते आता कळलं. कॉलच्या वेळी हा माणूस पावसात, रस्त्याच्या कडेला, एका हातात छत्री आणि एका हातात मोबाइल घेऊन उभा असायचा. वही उघडणार कशी? माइक चालू केला असता तर आम्हाला फक्त पाऊस ऐकू आला असता.

मी म्हटलं, वही तर दाखव. लाजत त्याने आणली. शंभर पानी, वरच्या कोपऱ्यात ओल आलेली. मी पानं उलटत उलटत तिसऱ्या आठवड्याच्या असाइनमेंटपाशी आले. आमचा तो चाळीस मिनिटांचा वाद! तिथे त्याने मराठीत लिहिलं होतं, जवळजवळ असंच: ‘खोली नं. ७ मध्ये आज एक तर हनिमूनवाले असतील नाहीतर शाळेची सहल. दोन्ही एकदम नाही. म्हणजे हनिमूनवाले आहेत हे कळलं की सहल नाही हे लगेच कळतं. एकाची बातमी दुसऱ्याची बातमी देते. मग स्वतंत्र कसं?’

टेस्टरने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, ‘बॉस, तू हे त्या दिवशी बोलला का नाहीस?’

‘तुम्ही सगळे इंग्लिशमध्ये बोलत होता. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. आम्हाला शाळेत सॅम्पल स्पेसला नमुना अवकाश म्हणतात. मी एकदा तसं म्हटलं होतं पहिल्या कॉलला, तेव्हा सगळे हसले.’

हसलो होतो. मला आठवलं. वाईट हेतूने नाही, शब्द गंमतशीर वाटला म्हणून. पण तो मापाने शब्द वापरणारा मुलगा, त्याच्या हिशेबाने विषय तिथेच संपला होता.

बर्कलेतली गोष्ट

परत आल्यावर मी शोधाशोध केली आणि यूरी ट्राइसमन हे नाव सापडलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात संशोधन करत असताना त्यांना एक प्रश्न पडला होता. कॅल्क्युलसच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं इतक्या संख्येने नापास का होतात आणि चिनी वंशाची मुलं बाजी का मारतात? प्राध्यापकांची उत्तरं तयार होती: पाया कच्चा, घरचं वातावरण, जिद्द कमी. ट्राइसमन यांनी दोन्हीकडची वीस-वीस मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात ते त्यांच्यात राहून पाहिलं. तयार उत्तरं एकेक करून खोटी ठरली. कृष्णवर्णीय मुलं कष्ट करत होती, पण जवळपास सगळी एकटी. अभ्यास एका बाजूला, दोस्त दुसऱ्या बाजूला. चिनी मुलं आधी एकटी अभ्यास करत आणि मग संध्याकाळी एकत्र जमत, खात-पीत एकमेकांची उत्तरं तपासत. एखाद्या गणितात सगळेच अडले, तर गणित खरंच अवघड आहे, हे त्यांना कळायचं. एकटा बसलेला मात्र अडला की समजायचा, आपणच ढ.

ट्राइसमन यांनी मग मुलांना एकत्र बसवणाऱ्या कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत सोपी उजळणी नव्हती. मुद्दाम अवघड गणितं होती, एकट्याला सुटणार नाहीत अशी. निकाल बदलले.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. मुंबई विद्यापीठातले प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस ही गणिताची उन्हाळी शिबिरं सुरू केली. तिथे शिकवणारा उत्तर देत नाही, प्रश्न विचारत राहतो आणि मुलं फळ्यापर्यंत येतात. ऑनलाइनच्या बाबतीत आयआयटी मुंबईच्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शिकणाऱ्याला मध्यभागी ठेवणारा मोफत कोर्सचा एक आराखडाच केला. त्यातली एक गोष्ट मला जाम आवडली. व्हिडिओ मध्येच थांबतो आणि तुम्हाला सांगतो, आता थांबवा, तुमचं उत्तर लिहा, मगच पुढे बघा. चर्चेसाठीही ‘काही शंका?’ असं मोघम विचारायचं नाही. नेमका एक प्रश्न द्यायचा, ज्यावर प्रत्येकाला काहीतरी म्हणता येईल.

स्टॅनफर्डच्या कीथ डेव्हलिन यांनी २०१२ मध्ये कोर्सेरावर गणिती विचारपद्धतीचा मोफत कोर्स काढला, तेव्हाही त्यांचा आग्रह हाच होता: ग्रुप करा, एकमेकांशी बोला. सिद्धता तपासायला हजारो मास्तर आणणार कुठून? म्हणून मुलांनीच एकमेकांच्या सिद्धता तपासायच्या. गणितात पर्याय बरोबर आला म्हणजे समजलं असं नसतं. ‘असं का?’ हे दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी समोर दुसरा लागतो.

पण मी पुढे गेले. हे सगळं वाचन नंतरचं. नियम बदलले ते त्याच रात्री, महाबळेश्वरला, बॅटरीच्या उजेडात, आणि ते बदलले बँकवालीने. ती म्हणाली, ‘आमच्याकडे मीटिंगच्या आधी सगळ्यांची नोट येते. नोट नाही तर बोलायचं नाही.’ म्हणून ठरलं: शुक्रवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने वहीच्या पानाचा फोटो टाकायचा. चूक असलं तरी, अर्धवट असलं तरी, कोणत्याही भाषेत. फोटो जायला रेंज दोन मिनिटं मिळाली तरी पुरते, तास लागत नाही. कॉलची सुरुवात चुकलेल्या उत्तरापासून, आणि मागच्या वेळी जो सर्वांत कमी बोलला त्याने आधी बोलायचं. टेस्टरने विचारलं, ‘म्हणजे मी कधीच आधी बोलणार नाही?’ कुणीच उत्तर दिलं नाही.

पुस्तकांच्या गावात २२ बुकिंग

रविवारी सकाळी लाइट आले नव्हतेच, म्हणून आम्ही भिलारला गेलो. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे गाव मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकं मांडली गेली. कुणीही यावं, बसावं, वाचावं. एका ओसरीवर आम्ही बसलो. समोर धुकं, मागे कादंबऱ्या.

आधी गंमत म्हणून ६१७४चा खेळ खेळलो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांचा हा शोध. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. पुन्हा तेच. २००९ घेतला तर ९२०० वजा ००२९, आले ९१७१. ९७११ वजा ११७९, आले ८५३२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४वर येताच, आणि मग तिथून सुटका नाही. आधी बघ्याची भूमिका घेणारा सीए पंधरा मिनिटं कागदावरून मान वर करेना. कापरेकरांच्या या आकड्यांना अनेकांनी पोरखेळ म्हटलं होतं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर झालं.

मग खरा प्रश्न. तो मी घातला होता, आणि घालताना मनात एकच उद्देश होता. हॉटेलात वीस खोल्या आहेत. ऐनवेळी बुकिंग रद्द होतात, म्हणून मालक बावीस बुकिंग घेतो. प्रत्येक पाहुणा येण्याची शक्यता ९० टक्के. कुणाला तरी दारातून परत पाठवावं लागण्याची शक्यता किती?

पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, फक्त लिहायचं. सीएने लिहिलं, बावीसचे ९० टक्के म्हणजे १९.८. वीस खोल्यांत मावतात, प्रश्नच नाही! ही चूक इतकी छान होती की तिच्यावरच वीस मिनिटं गेली. सरासरी मावते, पण माणूस सरासरीने येत नाही. बँकवालीने बायनॉमियल लावलं. एकवीस जण येण्याची शक्यता सुमारे २४ टक्के, बावीसच्या बावीस येण्याची सुमारे १०. बेरीज ३४. म्हणजे असे तीन दिवस घेतले तर साधारण एका दिवशी रिसेप्शनवर तमाशा.

‘बरोबर,’ मी म्हटलं आणि पान उलटणार होते.

महाबळेश्वरकर म्हणाला, ‘ताई, गणित बरोबर आहे, पण असं होत नाही.’

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो.

‘यात धरलंय की प्रत्येक जण आपापलं ठरवतो, यायचं की नाही. स्वतंत्र. पण घाटात दरड आली तर बावीसच्या बावीस रद्द. लाँग वीकएंडला ऊन पडलं तर बावीसच्या बावीस हजर. मध्ये मध्ये कमीच होतं. आणि तीन खोल्या एकाच कुटुंबाच्या असतील तर ते तिन्ही येतात नाहीतर तिन्ही येत नाहीत. माझ्या रजिस्टरला बघा, नव्वद टक्के सरासरी येईलही. पण रोजचं नव्वद नाही येत.’

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. व्हिडिओत प्राध्यापक पहिल्याच मिनिटात ‘प्रयोग एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरू’ म्हणाले होते. आम्ही चौघांनी ते वाक्य वहीत उतरवलं होतं आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. ज्याने रिसेप्शनवर उभं राहून परत पाठवायची माणसं पाहिली होती, त्यालाच ते खटकलं. टेस्टर म्हणाला, ‘पुन्हा सांग. सावकाश. मी लिहून घेतो.’ आणि त्याने खरंच लिहून घेतलं.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी गाणी लावली नाहीत. वाईला थांबून चहा घेतला. वाई म्हणजे मराठी विश्वकोशाचं गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथून तो उभा केला. बँकवालीने मोबाइलवर विश्वकोश उघडला, ‘संभाव्यता’ शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागली. चहावाला बघत होता. नमुना अवकाश या शब्दाला त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी हसलेलं नाही. उलट टेस्टर हल्ली ऑफिसच्या मीटिंगमध्ये मुद्दाम वापरतो म्हणे.

मग पुढे?

पुढे सगळं सिनेमासारखं झालं, असं समजू नका. सीए नवव्या आठवड्यात गळाला. ऑडिटचा सीझन होता हे एक कारण, आणि बँकवालीचं दुसरीकडे जमलं हे दुसरं, असा आमचा अंदाज. वहीच्या फोटोंचा नियम मला स्वतःलाच जड जायचा. कुणीतरी आपली वही बघणार आहे या विचाराने शुक्रवारी रात्री अकरा वाजता पोटात गोळा यायचा, बारावीची आठवण यायची. पण म्हणूनच मी बसायचे. हजार रुपये भरूनही जे झालं नसतं ते या एका फोटोने होत होतं. महाबळेश्वरकरचा फोटो नेहमी गुरुवारीच यायचा. पावसाचं काय सांगावं, म्हणून.

दहाव्या आठवड्यात एकदा चौघांचीही उत्तरं चुकली. पाच पर्याय, चौघांचे चार वेगवेगळे. आधीच्या शनिवारांत असं झालं असतं तर प्रत्येकाने गुपचूप कोर्स बंद केला असता. त्या रात्री आम्ही साडेबारापर्यंत हसत होतो आणि तरीही गणित सुटलं नाही. सोमवारी सुटलं, बँकवालीला, लोकलच्या रांगेत नव्हे तर लिफ्टमध्ये.

परीक्षा दिवाळीच्या तोंडावर, पुण्यातल्या केंद्रावर. महाबळेश्वरकर आदल्या रात्री एसटीने आला आणि टेस्टरकडे उतरला. चार जण बसलो, चार जण उठलो. एनपीटेलमध्ये ४० ला पास, ६० च्या पुढे ‘एलिट’ असा शिक्का मिळतो. माझे ५१. टेस्टरचे ५८, त्याला ते दोन गुण अजून झोपू देत नाहीत. बँकवालीला ७१. महाबळेश्वरकरला ६६.

पुण्यातली नोकरी त्याला लगेच मिळाली नाही. तीन मुलाखतींत नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणी त्याला विचारलं, तुम्ही केलेलं एखादं ॲनालिसिस सांगा, तर त्याने बावीस बुकिंगचं सांगितलं आणि वर रजिस्टरची दोन वर्षांची आकडेवारी काढून दाखवली. ते ट्रेनी म्हणून घ्यायला तयार झाले. सहा महिन्यांसाठी, पगार हॉटेलपेक्षा थोडाच जास्त. तो गेला. आई म्हणाली, निदान आता छत्री घेऊन रस्त्यावर उभं राहायला नको.

आता आमचा लिनिअर अल्जिब्रा चालू आहे. नवीन तीन जण आलेत, त्यातली एक नाशिकहून, एक मस्कतहून. ग्रुप मी चालवत नाही. परवा शुक्रवारी एका लेखाच्या नादात मी वहीला हातच लावला नव्हता. हाच लेख. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. महाबळेश्वरकरचा मेसेज, दोनच शब्दांचा:

‘ताई, वही?’